ताण-पाहणीची तिसरी फेरी : माणसे हवीत, कागद हवा, पालकांच्या सह्या हव्यात

सर्व सभासद, पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांस सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या ताण-पाहणीच्या दोन फेऱ्या यंदाही वेळेवर पार पडल्या. तिसरी फेरी परीक्षा संपल्यावर चार आठवड्यांनी घ्यायची आहे. तिच्यासाठी आज पुरेशी माणसे हाताशी नाहीत, म्हणून हे आवाहन घाईने करावे लागत आहे.

ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. मुलांना ताण आहे असे सगळेच म्हणतात; तो किती आहे, कधी चढतो आणि आपण काही केल्याने उतरतो का, हे मोजल्याशिवाय व्यासपीठावरून बोलायचे नाही, हा आपल्या माजी अध्यक्षबाईंचा दंडक. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ताण-मापनपट्टीचे दहा प्रश्नांचे रूप त्यांनीच निवडले. आपल्या निवृत्त शिक्षिका एकेका मुलाजवळ बसून ‘हा प्रश्न वाचून तुझ्या मनात काय आले?’ असे विचारत राहिल्या आणि अडखळायला लावणारी वाक्ये पुन्हा पुन्हा घडवून घेतली. ते काम कंटाळवाणे असते, पण ते टाळले की मूल एका प्रश्नाचे उत्तर देते आणि आपण दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर समजून मोजतो.

छपाईचा व्यवसाय असलेल्या आपल्या जुन्या सभासदांनी पहिल्या वर्षापासून प्रश्नावल्या स्वखर्चाने छापून दिल्या. कागद देणारे पुष्कळ भेटतात. यांनी मात्र दर वेळी मुद्रित तपासताना प्रश्न आणि उत्तराच्या चौकटी एका रेषेत येतात की नाही, हे पट्टी लावून पाहिले. चौकट अर्धी ओळ सरकली की मूल एका जागी चुकते आणि तिथून खालची सगळी उत्तरे घसरतात.

नोंदणीचा भार उचलणाऱ्या जोडप्याचे आभार किती मानावेत! दोघे एकच गठ्ठा एकमेकांचे न पाहता संगणकावर चढवतात, मग दोन्ही नोंदी ताडून पाहतात आणि जिथे फरक दिसेल तिथे मूळ कागद काढतात. या पट्टीत प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात, एकूण ४०. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न चांगल्या बाजूचे असल्याने त्यांचे गुण उलटे धरावे लागतात. ते राहिले तर अगदी निवांत मुलाची बेरीज शून्याऐवजी १६ येते. मन न लावता सगळीकडे ‘४’ वर खूण करणारे मूल याच उलट्या प्रश्नांमुळे सापडते. असे कागद वेगळे काढायची शिस्त या दोघांची.

आता तिसऱ्या फेरीचे. पट्टीतला प्रत्येक प्रश्न ‘गेल्या महिनाभरात’ असा आहे. परीक्षा संपल्यावर लगेच फेरी घेतली तर मूल परीक्षेच्याच दिवसांबद्दल सांगते. म्हणून चार आठवडे थांबणे भाग आहे, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांचा उत्साह ओसरलेला असतो. परीक्षेआधीचा ताण बहुतेकांचा चढतोच. नंतर कोणाचा उतरत नाही, ते फक्त या फेरीत कळते. त्यातही जी मुले गळतात ती सारखी गळत नाहीत. ज्यांचे बिनसलेले असते ती आधी यायची थांबतात. मग उरलेल्यांची सरासरी छान दिसते आणि आपण खुश होतो. गैरहजर मुलांच्या घरी पुन्हा निरोप पोचवायला माणूस लागतो तो यासाठी.

दुसरे कारण आपल्या अभ्यास-सत्रांचे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वर्गांत यंदा धडा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवणीतून लिहिण्याचा सराव घेतला. बाकीच्या वर्गांना तो पुढच्या सत्रात मिळेल. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारले तेव्हा फिरून वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे. गंमत अशी की जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. आपली मुलेही पहिल्या दोन-तीन दिवसांत ‘याने काही येत नाही’ म्हणून सोडू पाहतात. या सरावाने ताणावर काय होते, ते आपल्याला आपल्याच मुलांत पाहायचे आहे. थांबलेल्या वर्गांचीही तिसरी फेरी तितकीच गरजेची, कारण पहिल्या वेळी ज्यांचे ताणाचे गुण फार चढे असतात ते काहीही न करता पुढच्या वेळी थोडे खाली येतातच.

एकदा परिणाम दिसला म्हणून तो पक्का धरता येत नाही. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती लिहून काढली की परीक्षेतले गुण वाढतात, असा २०११ चा गाजलेला निष्कर्ष २०१८ च्या मोठ्या पुनर्तपासणीत पुन्हा दिसला नाही. त्या तपासणीतल्या २१ प्रयोगांपैकी १३ टिकले. आपण मुलांचा वेळ घेतो, तर पुरते मोजले पाहिजे.

गेल्या वर्षी या फेरीला ‘परीक्षा झाली, आता कशाला?’ असे उत्तर पुष्कळांकडून आले. सभागृहात टाळ्या वाजवणारी मंडळीही फिरकली नाहीत. ते मनाला लागले, हे लपवण्यात अर्थ नाही. पाहणीच्या दिवशी आपली कामे बाजूला ठेवून शेजारच्या खोलीत बसणाऱ्या दोन्ही समुपदेशकांनी तेव्हा एकट्याने किती ओढायचे?

कारण ते काम थांबवता येत नाही. सोबतच्या नऊ प्रश्नांच्या नैराश्य-प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज कोणतीही खूण असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्या मुलाशी त्याच दिवशी समुपदेशक बोलतात आणि घरच्यांना कसे कळवायचे ते ठरवतात. म्हणून कागद वर्गातून निघण्याआधी तो प्रश्न चाळायचा असतो. कागदावर नावाऐवजी क्रमांक असतो. क्रमांक आणि नावांची यादी फक्त समुपदेशकांकडे, वेगळ्या कुलपात.

हवे ते असे : दर वर्गाला दोन माणसे, एक सूचना वाचणारा, दुसरा शेवटचा प्रश्न चाळणारा (एक तास द्यावा, आधीचे अर्ध्या तासाचे प्रशिक्षण सक्तीचे, स्वतःचे मूल असलेल्या वर्गात कोणालाही नेमणार नाही), नोंदणीसाठी आणखी दोन जोड्या, प्रशिक्षित समुपदेशक किमान एक, कोरा कागद, बंद होणारी पाकिटे, कुलपाचे एक कपाट, रोख देणगी दिल्यास पावती मिळेल. पालकांनी संमतीपत्र दोन्ही बाजूंनी वाचून सही करावी. सही असूनही मूल नको म्हणाले तर त्याला बसवले जाणार नाही, आणि गुण शाळेला किंवा पालकांना कळवले जात नाहीत, शेवटच्या प्रश्नाचा अपवाद वगळता. नावे कार्यालयात किंवा वर्गशिक्षकांकडे या आठवड्यातच द्यावीत.

आपला,
कार्यवाह, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : आधीच्या फेऱ्यांतली उरलेली संमतीपत्रे वापरू नयेत. त्यांवर तिसऱ्या फेरीचा उल्लेख नाही. नवी कार्यालयात ठेवली आहेत.