रामसिंगांचे श्रेय नेमके कशाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आझाद हिंद फौजेचे बँडमास्टर कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांचा जन्म 15 ऑगस्ट 1914चा. त्यामुळे स्वातंत्र्यदिनाच्या आसपास त्यांच्यावर हमखास लेख येतात आणि ‘राष्ट्रगीताला चाल देणारा सैनिक’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. हेतू चांगला असला तरी विधान चुकीचे आहे. ‘जन गण मन’ 27 डिसेंबर 1911 रोजी कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायले गेले, तेव्हा रामसिंग जन्मलेलेही नव्हते. चाल रवींद्रनाथांची. 1919 साली आंध्रातल्या मदनपल्लीत आयरिश संगीतज्ञ मार्गारेट कझिन्स यांच्या मदतीने तिचे स्वरलेखनही झाले होते.

1943 मध्ये सिंगापुरात स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारने याच गीतावरून हिंदुस्थानीत कौमी तराना, म्हणजे आपले राष्ट्रगीत, करून घेतला. शब्द आबिद हसन आणि मुमताज हुसेन यांचे. तो बँडवर बसवला रामसिंगांनी. ‘बसवला’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे, कारण बँडवर गाणे बसवणे म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळेच लेखक ‘चाल दिली’ असे लिहून मोकळे होतात.

आपली चाल एकपदरी असते. बँडला ती तशीच दिली तर वीस जण एकच ओळ वाजवतात आणि मोकळ्या मैदानात ती पोकळ ऐकू येते. म्हणून मूळ चाल कॉर्नेट आणि क्लॅरिनेट या उंच सुरांच्या वाद्यांकडे ठेवून हॉर्नला मधले ठेके, युफोनियमला प्रतिचाल (मूळ चालीला साथ देणारी दुसरी चाल) आणि ट्यूबाला खालचा सूर असे स्वरलिपीचे वेगवेगळे कागद लिहावे लागतात. वाद्यांच्या पट्ट्याही वेगळ्या: कागदावर सी लिहिला तर बी-फ्लॅट कॉर्नेटमधून बी-फ्लॅट ऐकू येतो आणि ई-फ्लॅट हॉर्नमधून ई-फ्लॅट. चाल पांढरी एकमध्ये (सी) हवी असेल तर बी-फ्लॅट कॉर्नेटचा कागद एक पूर्ण स्वर वर, म्हणजे डीमध्ये लिहायचा, आणि ई-फ्लॅट हॉर्नचा एमध्ये. त्याला तीन शार्प (चढे सूर) येतात. तीच चाल काळी पाचमध्ये (बी-फ्लॅट) घेतली की कॉर्नेटला सरळ सी मिळतो, हॉर्नला जी. नवख्या वादकांकडून हे दुसरे बरेच सुखाने वाजते. एका कागदावर पट्टी चुकली तरी पहिल्याच मात्रेला सगळा बँड बेसूर होतो.

‘कदम कदम बढ़ाये जा’ ही मात्र रामसिंगांचीच चाल. शब्द वंशीधर शुक्ल यांचे. कूचगीत म्हणून ती किती पक्की आहे हे चालता चालता म्हणून पाहावे. ठोक्यागणिक पाऊल पडते, ओळी आखूड आहेत आणि प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा आहे. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्याला लांब मींड किंवा तान घेता येत नाही. घेतली तर दम तुटतो आणि पाऊल चुकते. नेहमीच्या क्विक मार्चला मिनिटाला 120 पावले, पाऊल 30 इंचांचे. रामसिंग मूळचे गोरखा रायफल्सचे, आणि रायफल पलटणींचा चालण्याचा वेग त्याहून जास्त, 140 पावलांचा. गाण्याचा 64 पावलांचा एक तुकडा 120ला 32 सेकंद घेतो, 140ला 27च्या थोडा वर. त्या वेगात कॉर्नेटचे बारीक सूर जिभेवर अडखळतात, म्हणून हरकतींची भर न घालता चाल सरळ ठेवणे शहाणपणाचे.

लांब रांगेत आणखी एक अडचण असते. आवाजाला 60 मीटर कापायला सुमारे 0.18 सेकंद लागतात. मिनिटाला 120 पावलांच्या वेगात दोन पावलांमधले अंतर अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे शेवटच्या जवानाला ढोलाचा ठोका पावलाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही उशिरा कळतो. त्याने कानावर भरवसा ठेवला की डावा पाय मागे पडतो. पुढच्याच्या पायाकडे बघून चालावे लागते. आजच्या शाळांच्या बँडमध्येही संचलनाची शेपटी लचकते ती बहुधा यामुळे, आणि मुलांवर ओरडून ती सुधारत नाही.

मलायाच्या लढाईत युद्धकैदी झालेला, आझाद हिंद फौजेत आलेला, नेताजींनी भेट दिलेले व्हायोलिन जपणारा हा माणूस स्वातंत्र्यानंतर लखनौला उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांत, पीएसीत, बँड उभा करण्यात रमला. निवृत्ती 1974 साली; 15 एप्रिल 2002 रोजी लखनौतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याचा हा पोलिस बँडचा दीर्घ काळ लेखांत एका ओळीत आटोपतो, याचे वाईट वाटते. वादक तयार करणे हे चाल रचण्याइतकेच कष्टाचे काम आहे.

तेव्हा येत्या ऑगस्टमध्ये लेख छापताना श्रेय असे द्यावे, ही विनंती: कौमी तराना — बँडरचना रामसिंग ठाकुरी; ‘कदम कदम’ — संगीत रामसिंग ठाकुरी. संचलनाचे निवेदन करणाऱ्यांनीही ‘कदम कदम’ची धून सुरू होण्याआधी त्यांचे नाव घ्यावे. त्याला चार सेकंद पुरतात.

आपला,
बँडसंगीताचा एक अभ्यासक