शेवटच्या फोटोसाठी चालणारी वर्कशॉप्स

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पेपरात कलाशिबिरांच्या जाहिराती सुरू होतात आणि शिबिर संपलं की एक फोटो छापून येतो. वीसेक मुलं ओळीत उभी, प्रत्येकाच्या हातात कागदी प्लेटचं घुबड, आणि वीसच्या वीस घुबडं सेम टू सेम. तो फोटो बघून मला दरवेळी प्रश्न पडतो की यात मुलांनी नक्की केलं काय? आकार आधीच कापून ठेवलेले, डोळे किटमध्ये रेडीमेड आलेले, मुलांच्या वाट्याला आला फक्त गम.

मी बरीच वर्षं अशा वर्गांमध्ये मदतनीस म्हणून जाते त्यामुळे आतलं थोडं सांगू शकते. बहुतेक ठिकाणी सगळा कार्यक्रम शेवटच्या फोटोवरून मागे मागे आखलेला असतो. सुरुवातीलाच ताई एक तयार नमुना समोर लावतात, मग मुलं दोन तास त्या नमुन्याकडे बघत बसतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही मोठी माणसं टेबलांमधून फिरत तिरकी चिकटलेली नाकं काढून सरळ लावतो, का, तर बाहेर आईबाबा येऊन उभे राहिलेत आणि ते पहिला प्रश्न विचारणार की आज काय बनवलं, दाखव! एकदा एक छोटी मुलगी निळ्यात पिवळा मिसळून हिरवा झाला म्हणून इतकी खूश झाली, की त्यात तिने लाल घातला, मग अजून थोडा निळा, आणि जो काही चॉकलेटी चिखल तयार झाला तो आधी ब्रशने आणि नंतर बोटांनी पूर्ण कागदभर फिरवत राहिली. कुठे जाड थर, कुठे नखाने ओढलेल्या रेघा. एकदम गप्प होऊन काम चालू होतं तिचं. तेवढ्यात एका ताईंनी "अगं सगळं खराब झालं ना, थांब हं" असं प्रेमानेच म्हणत तिला नवा कोरा कागद दिला, वर पेन्सिलने फुलपाखराची आउटलाइन काढून. तिने त्या अर्ध्या तासात जे काही शोधलं होतं ते कागदासकट डस्टबिनमध्ये गेलं.

आणि हे काही आजचं भांडण नाही. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक नावाच्या चित्रकार-शिक्षकाने 1897 मध्ये मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू केला, तेव्हा शाळेतली चित्रकला म्हणजे समोरचं बघून हुबेहूब नक्कल करणं एवढीच होती. त्याचं म्हणणं होतं की मुलांना त्यांच्या मनातलं काढू द्या. सव्वाशे वर्षं होऊन गेली आणि आपण अजून नमुना समोर लावतोय, फक्त आता तो मोबाईलवरून डाउनलोड केलेला असतो.

दुसरी गोष्ट बक्षिसांची. प्रत्येक शिबिराच्या शेवटी पहिला दुसरा तिसरा नंबर, नाहीतर सगळ्यांना सर्टिफिकेट. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडतं अशीच मुलं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान रिबिन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसती ठेवून दिली, वाटलं तर घ्या. तर आधी आमिष दाखवलेल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. म्हणजे ज्यांना आधीपासून आवडत होतं त्यांचंच आवडणं कमी झालं! नंतर अचानक दिलेल्या शाबासकीने मात्र असं नुकसान झालं नाही. त्यामुळे कौतुक करू नका असं मी म्हणत नाहीये, पण आमिष म्हणून बक्षीस लावू नका, निदान सहा-सात वर्षांच्या पोरांना तरी नको.

आता मोठ्यांबद्दल, कारण मला खरं लिहायचंय ते यावर. मुलांच्या वर्कशॉपला आलेले पालक बाहेर खुर्च्यांवर मोबाईल बघत दोन दोन तास बसतात. आत या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "छे हो, मला कुठे चित्र काढता येतं". लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडलेत त्यात साधारण नऊ वर्षांनंतर मुलांना चित्र खऱ्यासारखं दिसायला हवं असं वाटायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते तसं जमत नसतं. तिथे बरीच जणं पेन्सिल खाली ठेवतात ती कायमची. म्हणून तर चाळिशीतल्या माणसाला कागद दिला की तो दहा वर्षांच्या मुलासारखं घर काढतो आणि वर स्वतःच लाजतो.

मातीच्या वर्गात हे जास्त दिसतं. पहिल्या दिवशी काम एकदम सोपं असतं, माती मळून गोळा करायचा, मध्ये अंगठा रुतवायचा आणि गोळा फिरवत फिरवत कडा चिमटीत दाबत जायच्या, की वाटी होते. चार वर्षांचं पोर हे करताना कोणाकडेही बघत नाही. मोठी माणसं दर दोन मिनिटांनी हात वर करून विचारतात, बरोबर आहे का? कड चिरली की सॉरी म्हणतात, मातीला की मला ते कळत नाही. पण दोन-तीन आठवडे टिकली ना की हे विचारणं बंद होतं, चीर गेली की ओल्या बोटाने स्वतःच बुजवतात आणि शेजारच्याशी गप्पा चालू ठेवतात.

2016 मध्ये ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या गिरीजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 मोठ्या माणसांना पाऊण तास माती, कोलाज, मार्कर असं काहीही करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं हार्मोन, मोजलं. साधारण तीन चतुर्थांश जणांमध्ये ते कमी झालं होतं आणि आधी कलेचा अनुभव आहे की नाही याने काही विशेष फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गट पण नव्हता, त्यामुळे कृपा करून कोणी पोस्टरवर "चित्र काढा, टेन्शन घालवा" असं छापू नका. पण "मला येत नाही" हे कारण तरी यातून बाद होतं.

मुलं आणि मोठे एका टेबलावर बसवायचे असतील तर एक नियम मात्र कडक हवा, मोठ्यांना स्वतःचा वेगळा कागद द्यायचा आणि मुलांच्या कागदाला हात लावू द्यायचा नाही. नाहीतर बाबा चित्र काढतात आणि मुलगा ब्रश धुऊन देतो, हे मी पाहिलंय.

अजून एक, दोन दिवसांच्या शिबिराने फार काही होत नाही, दर आठवड्याला तीच जागा तीच वेळ असं चालू राहायला लागतं. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1935 मध्ये, सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू करून बेकार चित्रकारांना पगार दिला आणि त्यातून देशभर शंभरावर कम्युनिटी आर्ट सेंटर उभी राहिली, जिथे मुलं आणि मोठे दोघंही शिकायला येऊ शकत होते. न्यूयॉर्कमधलं हार्लेमचं सेंटर 1937 मध्ये सुरू झालं आणि ऑगस्टा सॅव्हेज ही शिल्पकार त्याची पहिली संचालक होती. पैसे नाहीत म्हणून पहिली कात्री कलेला लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, तिथे खिसा रिकामा असतानाच हे सुरू झालं होतं.

आयोजकांची बाजूही मला माहितीये. हॉल वेळेत रिकामा करून द्यायचा असतो, देणगीदारांना फोटो दाखवायचे असतात, पालकांना घरी न्यायला वस्तू हवी असते. पण थोडा खर्च इकडचा तिकडे केला तरी चालतं. बारा रंगांची स्वस्त पेटी आणि केस गळणारे ब्रश देण्यापेक्षा लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच बरे रंग आणि पाण्याने सुरकुतणार नाही असा जाड कागद द्या. आणि हॉल बघताना स्टेज, माइक, एसी बघतात पण बेसिन कोणी बघत नाही! जिथे हात आणि ब्रश धुवायला पाणी लांब असतं तिथे शिकवणारे आपोआप मुलांना रंग सांडू नको, जपून कर असंच सांगत बसतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. शिबिरांची माहिती छापता तेव्हा आयोजकांना विचारून दोन ओळी जास्त छापाल का, एका शिक्षकामागे किती मुलं, नमुना बघून करायचं आहे की स्वतःचं, सुट्टीनंतर वर्ग चालू राहणार का, पालकांना आत बसता येईल का, आणि हो, बेसिन आहे का.

आपली,
एक नियमित वाचक