‘304’ म्हणून पाठवलेले बर्नर एका पावसाळ्यात गळाले

तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. 30 सप्टेंबर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : गॅस ग्रिलचे निकृष्ट बर्नर आणि चुकीचे जेट पाठवल्याबाबत

महोदय,

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी तुमच्याकडून तीन बर्नरच्या नळ्या, तीन जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) आणि बर्नरवर बसणारे पत्रे असा संच 2,940 रुपयांना मागवला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर ‘304 स्टेनलेस स्टील, 1 वर्ष वॉरंटी’ असं छापलेलं आहे, आणि तुमच्या जाहिरातीत ‘किनारी भागासाठी योग्य’ असंही होतं. त्या पानाचा फोटो मी काढून ठेवलेला आहे.

माझं ग्रिल जुनं आहे. गोव्याहून घर हलवणाऱ्या एका गृहस्थांकडून 3,000 रुपयांत घेतलं. एकूण 7,000 च्या वर जायचं नाही, असं घरात आधीच ठरलं होतं. पेटी ओतीव अल्युमिनियमची, तिला गंजाची भीती नाही. बिडाच्या जाळ्या तारेच्या ब्रशने घासल्या, तेल चोळून बिडाचा नवा तवा तयार करतात तशा तीन वेळा तापवल्या. रेग्युलेटर आणि सुरक्षा ट्यूब नवी घेतली, कारण तिथे काटकसर करायची नसते. जुन्या नळ्या मात्र गेलेल्याच होत्या. एकीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, उरलेल्या दोन्ही फाटक्या. म्हणून तुमच्याकडे आलो.

आता तक्रार. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, त्यामुळे ग्रिल महिनाभर पडवीत ताडपत्रीखाली होतं. गणपती गेल्यावर बांगडे आणले आणि पेटवलं, तर मधल्या बर्नरच्या एका जागी वीतभर भडका. गॅस बंद करून नळी काढली. तिसऱ्या आणि चौथ्या भोकामधली भिंतच गळून गेली होती. नखाने खरवडलं तर पापुद्रे हातात आले, जुन्या पत्र्याच्या पन्हळीसारखे. बाकीच्या दोन नळ्याही त्याच वाटेवर आहेत.

तुमच्या माणसाने फोनवर एका वाक्यात विषय संपवला : “समुद्राजवळचा गंज वॉरंटीत बसत नाही.” मग किनारी भागासाठी योग्य म्हणजे नक्की कुठल्या किनाऱ्यासाठी?

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं लोखंड मलाही कळतं. तुमच्या नळीवर लोहचुंबक धरलं की ते टक्कन चिकटतं, ओढून काढावं लागतं. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि त्या निकेलमुळे त्याला चुंबक जवळजवळ धरत नाही. वाकवलेल्या जागी 304 सुद्धा थोडं ओढतं, हे मला ठाऊक आहे. पण मी चुंबक सरळ भागावर लावलं होतं. खाऱ्या वाऱ्यात 304 वरही तपकिरी डाग येतात, त्यासाठी महागडं 316 लागतं, हेही मान्य. 316 चे पैसे मी दिले नव्हते, म्हणून मागतही नाही. डाग पडले असते तर हे पत्र लिहिलं नसतं. त्याच पडवीत मासे साफ करायचं सिंक आहे, 14 वर्षांचं. रोज खवले, मीठ, खारं पाणी. त्याला चुंबक चिकटत नाही आणि भोकही पडलेलं नाही.

दुसरी गोष्ट पैशांची नाही, जिवाची आहे. संचातले जेट सिलिंडरच्या गॅसचे नव्हते. 1.2 मिमीचं ड्रिल त्यांत सैल फिरतं. माझ्या जुन्या जेटमध्ये 1 मिमीचंही शिरत नाही. पाइपगॅससाठी भोक मोठं लागतं. तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये जवळपास अडीचपट उष्णता असते. ते जेट तसेच बसवले असते तर पिवळा, काजळी धरणारा जाळ झाकणाबाहेर आला असता. मी बसवायच्या आधी मोजून पाहिले आणि जुनेच वापरले. ही चूक मी तेव्हाच, नोव्हेंबरमध्ये ईमेलने कळवली होती. उत्तर आलं नाही. तोच संच इथल्या आणखी कुणी घेतला असेल तर त्याला तरी कळवा.

माझी मागणी साधी आहे : एक तर 2,940 रुपये परत करा, नाहीतर खऱ्या 304 च्या तीन नळ्या आणि सिलिंडरच्या गॅसचे जेट पाठवा. निवड तुमची. जाहिरातीतलं ‘304’ आणि ‘किनारी भाग’ मात्र दोन्ही बाबतींत काढावं लागेल.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्यानुसार मला राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. सिंधुदुर्गनगरीला मी पेन्शनच्या कामासाठी तसाही जातो.

गळालेल्या नळ्या भंगारात दिलेल्या नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. तपासायला हव्या असतील तर कुरियरचा खर्च तुमचा.

आपला,
एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : पावती, जाहिरातीचा फोटो, नळ्यांचे चार फोटो, नोव्हेंबरचा ईमेल