आई-बाबा, लेझर जमिनीवर मारत नाहीत

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "उपग्रहातून जमिनीवर लेझर मारला की खाली किती पाणी आहे ते कळतं ना?" मी नीट उत्तर देणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "ते राहू दे, ही दिवसभर नेमकं करते काय ते विचारा!" दोन्ही प्रश्न एका फोनमध्ये मावणारे नाहीत, म्हणून सवडीनं लिहिते आहे.

बाबा, आधी तुमचं. आमचे उपग्रह, म्हणजे ग्रेस फॉलो-ऑन नावाची जोडी, जमिनीकडे बघतच नाहीत. त्यांच्यावर खाली रोखलेला कॅमेरा नाही की रडार नाही. लेझर आहे, पण तो एका उपग्रहातून दुसऱ्या उपग्रहाकडे सोडलेला. दोन जुळे उपग्रह एकाच कक्षेत एकामागून एक धावतात, मध्ये साधारण 220 किलोमीटरचं अंतर. उंची पाचशे किलोमीटरच्या आसपास. दीड तासात एक फेरी, तीही ध्रुवांवरून. खाली पृथ्वी आपली फिरतेच आहे, त्यामुळे महिनाभरात जवळपास सगळा गोल त्यांच्या खालून जातो. या सगळ्या वेळात त्यांचं मुख्य काम एकच, जोडीदार आपल्यापासून किती लांब आहे ते मोजत राहणं.

एवढ्यावरून पाणी कसं कळतं? समजा पुढे एक मोठं खोरं आहे आणि पावसाळ्यानंतर ते पाण्यानं गच्च भरलंय. पाणी म्हणजे वस्तुमान, आणि वस्तुमान म्हणजे ओढ. पुढचा उपग्रह खोऱ्याजवळ येतो तेव्हा तो किंचित पुढे खेचला जातो, मागचा अजून लांब असतो, अंतर वाढतं. पुढचा खोरं ओलांडून गेला की तीच ओढ त्याला मागे धरते, आणि मागचा तेव्हा पुढे खेचला जात असतो, अंतर घटतं. मग मागचाही पार होतो, तोही जरासा रोखला जातो, आणि जोडी पूर्ववत. मागच्याला पुढच्याच्या जागी पोचायला अर्धा मिनिटही लागत नाही. अंतरातली ही वाढ-घट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजायची. बाकी सगळं गणित.

आई, तू वर्गात गुरुत्व त्वरण 9.8 लिहून घ्यायचीस. ते खरंच आहे, फक्त ते सरासरीचं सत्य आहे. विषुववृत्तावर 9.78, ध्रुवांवर 9.83, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर फुगलेलीही आहे. डोंगर, खोल समुद्र, पोटातले जड-हलके खडक यांमुळे त्यात आणखी खालीवर होतं. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला तर गुरुत्व इतकं कमी आहे की तिथला समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापेक्षा शंभरेक मीटर खाली बसलेला आहे. जहाजावरच्या माणसाला काहीच जाणवत नाही, कारण त्याला तिथलं पाणी सपाटच असतं. उतार आहे हे कळायला बाहेरून बघावं लागतं. पण हे फरक कायमचे. आम्हाला हवे असतात ते महिन्या-महिन्याला बदलणारे, आणि ते तुझ्या 9.8 च्या आठव्या दशांश स्थळाजवळ कुठेतरी असतात.

आता तुझा प्रश्न, मी दिवसभर काय करते. मी वजाबाकी करते. हसू नकोस, अगदी खरं सांगतेय.

बाबा महिनाअखेरीला जमाखर्च मांडून बसायचे ते आठवतंय? सगळे माहीत असलेले खर्च वजा केले की शेवटी एक रक्कम उरायची जिचा ठावठिकाणा लागायचा नाही, आणि मग चौकशी सुरू व्हायची. आमचं तसंच आहे, फक्त आमची ती उरलेली रक्कम हेच उत्तर. उपग्रहांचं अंतर सगळ्याच गोष्टींनी बदलतं. चंद्र-सूर्याची ओढ. समुद्राची भरती-ओहोटी, आणि घन जमिनीचीही, कारण तीही थोडी फुगते-बसते. हवासुद्धा. जास्त दाबाचा पट्टा एखाद्या खंडावर सरकला की तिथे खरोखर जास्त हवा असते, तिला वस्तुमान असतं, आणि उपग्रहाला ते जाणवतं. हे सगळं हवामानाच्या आणि भरतीच्या मॉडेलांवरून काढून वजा करायचं. त्यातला हवेचा आणि समुद्राचा भाग तपासणं हे माझं काम. गोम अशी की हवा काही तासांत बदलते आणि आमचा नकाशा तयार व्हायला महिना लागतो, त्यामुळे वजाबाकीत राहिलेली चूक नकाशाभर पसरते. कच्चा नकाशा उघडला की आधी दिसतात ते उत्तर-दक्षिण पट्टे, वरपासून खालपर्यंत, कपड्यावर असावेत तसे सरळ. जमिनीवर असं काही नसतं. उपग्रह उत्तर-दक्षिण धावतात आणि मोजमापही त्याच दिशेतलं, म्हणून पूर्व-पश्चिमेबद्दल त्यांना फार कमी कळतं. ते पट्टे काढायचे, पण पट्ट्यांबरोबर खरं पाणीही पुसलं जाणार नाही हे बघायचं. माझे बरेचसे दिवस यातच जातात.

वजाबाकीतली एक बाब मॉडेलवरही सोडता येत नाही. इतक्या उंचीवरही थोडी हवा उरलेली असते आणि ती उपग्रहाला मागे ओढते. सूर्यप्रकाशाचाही बारीकसा दाब पडतो. हे गुरुत्व नव्हे. म्हणून प्रत्येक उपग्रहाच्या बरोबर मध्यावर, वस्तुमानकेंद्रापाशी, धातूचा एक छोटा ठोकळा विद्युत बलानं अधांतरी धरलेला असतो. हवा उपग्रहाच्या अंगाला लागते, आत बंद असलेल्या ठोकळ्याला लागत नाही. त्याला जागेवर ठेवायला किती जोर लावावा लागला यावरून बाहेरची ओढ कळते. याला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. 2018 मध्ये सोडलेल्या आमच्या या जोडीत एका उपग्रहाचा अ‍ॅक्सेलरोमीटर महिन्याभरातच बिघडला. मग काय केलं असेल? दोघे एकाच वाटेनं जातात, म्हणजे पुढच्याला जी हवा लागली तीच मागच्याला काही सेकंदांनी लागणार. म्हणून चांगल्या उपग्रहाची नोंद तेवढा वेळ सरकवून बिघडलेल्यासाठी वापरायची आणि बाकीचे फरक हिशेबानं दुरुस्त करायचे. मला ही युक्ती लेझरपेक्षाही जास्त आवडते. वर्तमानपत्रात मात्र लेझरच येतो.

तर लेझर. पहिली जोडी, ग्रेस, 17 मार्च 2002 ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून उडाली. अमेरिका आणि जर्मनीचं संयुक्त काम. पाच वर्षांसाठी बनवलेली, पंधरा वर्षं चालली. ती अंतर मोजायची सूक्ष्मलहरींनी, ज्यांची तरंगलांबी सेंटीमीटरच्या आसपास. दुसरी जोडी, ग्रेस फॉलो-ऑन, 22 मे 2018 ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून गेली. तिच्यावर सूक्ष्मलहरी आहेतच, शिवाय प्रयोग म्हणून लेझर बसवला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, तरंगलांबी 1064 नॅनोमीटर, म्हणजे मापाची फूटपट्टी एकदम जवळपास दहा हजार पट बारीक. दोन प्रकाशलहरी एकमेकींवर टाकल्या की त्यांचे चढ-उतार किती सरकले ते मोजता येतं, आणि त्यातून अंतराचा बदल नॅनोमीटरच्या घरात कळतो.

गंमत म्हणजे दुसरा उपग्रह हा प्रकाश आरशानं परत पाठवत नाही. 220 किलोमीटर जाईपर्यंत किरण इतका पसरतो की पलीकडच्या छोट्याशा भिंगात त्यातला नगण्य अंश शिरतो. तो परावर्तित केला तर परत येईपर्यंत काहीच उरणार नाही. म्हणून दुसरा उपग्रह स्वतःचा लेझर आलेल्या प्रकाशाशी तंतोतंत जुळवून घेतो आणि ताजा किरण परत सोडतो. हे होण्याआधी दोघांनी एकमेकांना सापडायला हवं. दोन्ही बाजूंच्या नेमाचे दोन-दोन कोन आणि वर लेझरची वारंवारता, या पाचही गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात. जून 2018 मध्ये तो शोध सुरू केला आणि पहिल्याच प्रयत्नात दुवा जुळला. याच अनुभवावर पुढे लिसा नावाची मोहीम अवकाशात गुरुत्वीय लहरी शोधणार आहे, तिथे यानांमधलं अंतर पंचवीस लाख किलोमीटर असेल.

मग इतक्या बारीक लेझरमुळे पाण्याचे नकाशेही हजारपट चांगले झाले का? नाही झाले. फरक पडला तो थोडाच. कारण चूक आता अंतर मोजण्यात नाही, ती अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये आणि आमच्या वजाबाकीत आहे. म्हणून बाबा, लेझरची बातमी वाचून तुम्ही माझं जे अभिनंदन केलंत, ते मी अर्धंच घेते.

जमिनीवरून वर लेझर मारण्याचीही पद्धत आहे बरं का, आणि ती खूप जुनी. 1976 साली लॅजिओस नावाचा एक गोळा सोडला, फक्त 60 सेंटीमीटर व्यासाचा पण चारशे किलोंच्या वर वजनाचा, अंगभर 426 परावर्तक. त्यात ना बॅटरी ना यंत्र. वेधशाळेतून लेझरचा स्पंद सोडायचा, जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तो सुमारे 5900 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे हवेची ओढ जवळपास नाहीच. पृथ्वी किती चपटी आहे आणि तो चपटेपणा कसा बदलतो, हे अशा गोळ्यांवरून जुळ्यांपेक्षा जास्त भरवशानं कळतं. म्हणून आजही आमच्या दर महिन्याच्या हिशेबातला तेवढा आकडा काढून टाकतात आणि लेझरच्या या मुक्या गोळ्यांकडून आलेला घालतात.

यातून काय हाती लागतं, तेही सांगते. 2009 मध्ये नासातले जलशास्त्रज्ञ मॅथ्यू रॉडेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेसच्या मोजमापांवरून राजस्थान, पंजाब, हरियाणा या भागाचा हिशेब मांडला. ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात तिथून 109 घन किलोमीटर भूजल गेलं होतं. पाऊस त्या वर्षांत साधारण नेहमीइतकाच होता, म्हणजे पाणी उपशानं गेलं, त्यातही मुख्यतः सिंचनाच्या. एकाही विहिरीत न डोकावता काढलेला हा आकडा. ग्रीनलँडचं बर्फही असंच तोलतात. तिथून वर्षाला सरासरी सुमारे 270 अब्ज टन जातंय, आणि 360 अब्ज टन वितळले की जगभरच्या समुद्राची पातळी एक मिलिमीटर चढते.

पण बाबा, तुमच्या ओळखीच्या कुणाची बोअर कुठे मारावी हे मला विचारू नका. आमच्या नकाशातला ठिपका तीनशे किलोमीटरच्या आसपासचा. त्यापेक्षा लहान जागेबद्दल आम्ही बोललो तर ती थाप समजा. शिवाय गुरुत्व एकूण बेरीज सांगतं. त्यातलं किती धरणात, किती मातीत, किती खोल खाली, हे त्याला कळत नाही. माती आणि धरणं इतर मोजमापांवरून वजा करावी लागतात (पुन्हा वजाबाकी, आई). किनाऱ्याजवळ जमिनीची घट समुद्रात सांडल्यासारखी दिसते. मोठा भूकंप झाला की खडकच सरकतात, आणि ते न ओळखलं तर पाणी गेल्यासारखं वाटतं.

पुढची जोडी 2028 च्या सुमारास उडवायचा बेत आहे. तिच्यावर सूक्ष्मलहरी नाहीत, सगळी मदार लेझरवर. मी तिच्यासाठी भरतीची मॉडेलं सुधारण्याच्या गटात आहे, म्हणजे निदान काही वर्षं तरी काम आहे, काळजी नसावी.

सोबत दोन नकाशे पाठवतेय, मोठ्या कागदावर छापलेत म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही. लाल म्हणजे तापमान नव्हे, वस्तुमान घटलं; निळं म्हणजे वाढलं. बाबा, आधी कोपऱ्यातली मोजपट्टी वाचा, मग रंग बघा. शंका कागदावर लिहून ठेवा, रविवारी फोन करते.

तुमची,
लेक