सच्या, आधी गिफ्ट उघड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० जुलै

प्रिय सच्या,

तुझा रडका व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर बोलूनच देणार होतो, पण सांगायचं एवढं साठलंय की तू मध्येच झोपला असतास. म्हणून लिहायला बसलो. इकडे पावसानं झोडपून काढलंय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि शिरोलीत कामावर सकाळपासून लाईट नाही. म्हणजे मालक वैतागलेला आणि आम्ही निवांत.

तर तुझं म्हणणं असं, की पोकेमॉन गोचं, म्हणजे चालत फिरून फोनवर पोकेमॉन पकडायच्या आपल्या खेळाचं, नवीन अकाउंट काढून एवढे दिवस झाले, श्टुटगार्टच्या रस्त्यांवर पाय झिजवले, आणि हाताला लागले ते नुसते पिजी आणि रॅटाटा, गल्लोगल्ली मिळणारे. वेगळ्या रंगाचा शायनी नाही, मोठ्या मानाचा लेजंडरी नाही, 'माझं नशीबच फुटकं'. आणि शेवटी हळूच विचारलंस, फेक जीपीएस टाकू काय, म्हणजे घरबसल्या फोनला खोटी जागा दाखवायची?

आधी त्याचंच बोलतो. नाद सोड भावा. तुला मी नीती शिकवायला बसलेलो नाही, दहावीला आपण कुठं कुठं चिठ्ठ्या लपवल्यात ते दोघांनाही ठाऊक आहे. पण त्याची शिक्षा कशी बेतलीय बघ. पहिल्यांदा सापडलास की साधारण आठवडाभर दुर्मिळ पोकेमॉन तुला दिसायचेच बंद होतात. खेळ चालू, पण जे पाहिजे तेच गायब. दुसऱ्यांदा महिनाभर अकाउंट बंद, तिसऱ्यांदा कायमचं. एक अकाउंट पासवर्ड विसरून घालवलंस तेवढं बास झालं. २०१६ च्या जुलैत पेनड्राइव्हवरनं गेमची एपीके फाइल आणून आपण चालू केलेलं ते अकाउंट! आपल्याकडं अधिकृतपणे गेम यायला डिसेंबर उजाडला, तोवर तू माझ्या पुढं निघून गेलतास. त्यातले जुने पोकेमॉन आज असते तर मी तुझ्या पाया पडलो असतो.

आता नशिबाचं. थोडं नशीब, थोडा हिशोब. शायनीच घे. जुन्या गोल्ड-सिल्व्हर गेममध्ये १९९९ ला शायनी पहिल्यांदा आले तेव्हा भाव होता ८१९२ मध्ये १. २०१३ ला एक्स आणि वाय हे गेम आले तेव्हा तो निम्म्यावर, ४०९६ मध्ये १, असा उतरला. आपल्या गोमध्ये तो त्याहून बराच स्वस्त आहे. खेळणाऱ्यांनी मोजून काढलेला अंदाज सांगतो, साध्या दिवशी साधारण ५०० मागं १. आता तू दिवसाला मोजून वीस पकडणार, त्यातले निम्मे असे की ज्यांचा शायनी बघून कुणाला आनंदही होत नाही, मग कसं व्हायचं? कम्युनिटी डेला, म्हणजे एकाच पोकेमॉनची गर्दी उडते त्या दिवशी, हाच भाव २५ मागं १ च्या आसपास येतो. महिन्यातनं एखादा दिवस, दुपारी दोन ते पाच, आपापल्या घड्याळाप्रमाणं. हे तुझ्या फायद्याचं आहे बघ. आमचा पाचला संपतो तेव्हा तुझ्याकडं दीड वाजलेला असतो. म्हणजे तुझा सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मी तुला सगळा रिपोर्ट देऊ शकतो, काय निघालं, कुठला हल्ला शिकवायचा, पोकेमॉन वाढवायला कँडी किती लागते. तू जेवून, फोन चार्ज करून, बॅग रिकामी करून निघायचं. बॅग रिकामी म्हणजे खरंच रिकामी. ऐन गर्दीत 'स्टोरेज फुल' आलं की माणसाचा कसा चेहरा होतो ते रंकाळ्यावर दर महिन्याला बघतो मी.

आणि दिसेल त्यावर बोट ठेवून बघ. नकाशावर शायनी ओळखू येत नाही, समोर उघडल्यावरच कळतो. नको असला तर मागं फिर, बॉल वाया घालवू नको.

पावसाचंही सांगून ठेवतो, कारण तू पाऊस आला की खिडकीत बसणारा. खेळात हवामान असतं आणि ते बाहेरच्या हवेवर चालतं. पाऊस असला की पाण्याचे, विजेचे आणि किड्यांचे पोकेमॉन जास्त येतात, तेही जोरकस. साधा जंगली जास्तीत जास्त लेव्हल ३० चा मिळतो, हवामानाचा असला तर ३५ पर्यंत. पण खरी गोम पुढं आहे. प्रत्येकाचे तीन आकडे असतात, हल्ला, बचाव आणि दम, ० ते १५. तिन्ही १५ आले की त्याला आपण हंडो म्हणतो. साधा हिशोब १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६ मध्ये १. हवामानाचा असला की कुठलाच आकडा ४ च्या खाली जात नाही. मग राहिले १२ गुणिले १२ गुणिले १२, १७२८ मध्ये १. निम्म्याहून कमी! जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हे चार महिने फुकट मिळतात, आणि लोकं म्हणतात पावसाळ्यात खेळता येत नाही. छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आई दारातनं ओरडतीय, चालायलोय आपलं.

आता पक्षी. तू विचारलंस ते तीन, पोकेमॉनमधल्या गलार मुलखातले आर्टिक्युनो, झॅपडोस आणि मोल्ट्रेस. यांच्याइतकं छळणारं ह्या खेळात दुसरं काही नाही. ह्याच नावांचे साधे पक्षी रेडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून बॉसशी करायच्या लढाईत मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. हे रोजच्या निळ्या इन्सेन्सवर, म्हणजे पोकेमॉन ओढून आणणाऱ्या धुपावर येतात. दिवसातनं एकदा फुकट, १५ मिनिटं, आणि चालत राहावं लागतं. बसून लावलास तर काही येणार नाही, मी कट्ट्यावर बसून करून बघितलंय. मुळात पकडला जायची शक्यता हजारात तीन, आणि बॉलमधनं सुटला की दहातल्या नऊ वेळा पळूनच जातो. म्हणजे तुला बहुतेक एकच फेक मिळते. ती नीट जाऊ दे.

कशी, ते सांगतो. आधी गोल्डन रॅझ बेरी खायला घाल, ती पकडायची शक्यता अडीच पट करते. मग अल्ट्रा बॉल, दुप्पट. बॉल गरगर फिरवून टाकलास तर १.७ पट. आणि आतल्या लहान वर्तुळात एक्सलंट, म्हणजे सगळ्यात अचूक फेक, बसला तर आणखी पावणेदोन ते दोन पट. हे सगळे एकमेकांना गुणले जातात, म्हणून एकही सोडायचा नाही. सगळं जमलं तरी शंभरात चार-पाचच, पण हजारात तीनपेक्षा बरं. एक्सलंट साधायचा तर घाई नको. बॉल बोटानं धरून ठेव, वर्तुळ आकसत जातं. लहान झालं की बॉल न टाकता तसाच खाली सोडून दे. वर्तुळ त्याच मापाला अडकून राहतं. आता गप्प उभा राहा. पक्षी पंख आपटेल, हल्ला करेल. हल्ला सुरू झाला की बॉल उचल, फिरव, आणि हल्ला संपता संपता सोड. तो जागेवर येतो, वर्तुळ उघडतं, आणि बॉल नेमका आत.

मला आर्टिक्युनो असाच मिळाला. शालिनी पॅलेसकडनं रंकाळा टॉवरकडं चालत होतो, भुरभुर पाऊस, संध्याकाळची वेळ. स्क्रीनवर जांभळट काहीतरी दिसलं आणि छातीत धस्स झालं. पहिली अडचण म्हणजे ओली स्क्रीन. थेंबाला ती बोट समजते. वर्तुळ लावायला गेलो तर बॉल आपोआप घसरून पायाशी. शर्टाचं टोक ओलं, रुमाल ओला, शेवटी बनियन वर ओढून पुसली. शेजारच्या भेळवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, 'काय ओ, डोळ्यात गेलं काय?' मी मान पण हलवली नाही. हल्ला झाला, बॉल फिरवला, सोडला. बॉल एकदा हलला, दोनदा हलला, तिसऱ्याला मी डोळे मिटले. चांदण्या उडाल्याचा आवाज आला तेव्हा त्या भेळवाल्याला मी उगाचच दोन प्लेट सांगितल्या आणि दोन्ही एकट्यानं खाल्ल्या.

आता ह्या सगळ्या शास्त्राला लागलेला काटा ऐक. आमच्या ग्रुपमध्ये एक काकू आहेत, बँकेत असतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून खेळायला लागल्या. कपिलतीर्थ मार्केटमध्ये मेथीचा भाव करता करता त्यांच्यापुढं झॅपडोस आला. बेरी नाही, फिरवणं नाही, साधा लाल बॉल, तोही सरळ. आणि तो आत गेला, राहिला! फोटो टाकून खाली विचारलं, 'हा कोंबडा चांगला असतो का?' ग्रुपवर दोन दिवस स्मशानशांतता. तसा तो फायटिंग टाइपचा, नुसत्या लाथा घालणारा, खासबागेच्या हौद्यात सोडण्याच्या लायकीचा गडी. आणि काकूंनी त्याचं नाव ठेवलं बाळू.

मास्टर बॉल मिळाला तर काय करू, असं विचारलंस. जपून ठेव. तो क्वचित मिळतो आणि कधीच हुकत नाही. रेडवाल्या लेजंडरीवर तो टाकणारा माणूस माझ्या हिशोबात वाया गेलेला. रेड परत येतात, बॉस परत येतो, आणि शायनी लेजंडरी रेडमध्ये निघाला तर तो साध्या बॉलनंही पकडला जातोच, फक्त बॉल लागायला पाहिजे. तिथं पिनॅप बेरी देऊन कँडी दुप्पट करून घ्यायची. मास्टर बॉल फक्त ह्या तीन पक्ष्यांसाठी. ग्रुपमधली निम्मी पोरं माझ्याशी यावर भांडतात, त्यांचे मास्टर बॉल कशावर गेले ते मी इथं लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. दिवाळीला येणार म्हणालास. अदलाबदल करायला आपण दोघं १०० मीटरच्या आत पाहिजे, ते तेव्हाच जमणार. माझ्याकडं तुझ्यासाठी टोरकोल ठेवलेत, ते आपल्या बाजूलाच निघतात, तुला तिकडं दिसायचे नाहीत. निळ्या फुलाचा फ्लाबेबे पण आहे. तू मला दोन गोष्टी आण. एक मिस्टर माइम, तो युरोपातच मिळतो, आणि एक लाल फुलाचा फ्लाबेबे. आकडे कसेही असू देत, अदलाबदलीत ते नव्यानं पडतातच. लांबचा असला की कँडी पण जास्त मिळते.

पण खरा खर्च स्टारडस्टचा, म्हणजे खेळातल्या चलनाचा आहे आणि तो मैत्रीवर ठरतो. खेळातल्या मैत्रीवर, आपल्या नाही. आपल्या यादीत नोंद नसलेला शायनी किंवा लेजंडरी नुकत्याच झालेल्या 'गुड फ्रेंड'कडनं घ्यायचा तर १० लाख. 'बेस्ट फ्रेंड' झालो की तोच ४० हजारात. मिस्टर माइमसारखा साधा पण नवा असला तर २० हजाराचे ८०० होतात. बेस्ट फ्रेंड व्हायला ९० दिवस लागतात, आणि दिवस तेव्हाच मोजला जातो जेव्हा दोघांपैकी कुणीतरी दुसऱ्यानं खेळात पाठवलेलं गिफ्ट उघडतो किंवा आपण सोबत रेड-बिड करतो. आज १० जुलै. आजपासून रोज उघडलंस तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपण पोचतो, दिवाळी त्यानंतरच आहे. मध्ये खाडे केलेस तर हिशोब कोलमडला. आणि शायनी-लेजंडरीसारखी स्पेशल अदलाबदल दिवसाला एकच, म्हणून पहिल्या दिवशीच हावरटासारखं सगळं काढू नको. यादी कर. तू किती दिवस राहणार आहेस, तेवढीच नावं.

मी परवाच गिफ्ट पाठवलंय, ते न उघडता पडलंय तुझ्याकडं, आणि ते उघडल्याशिवाय मला दुसरं पाठवता येत नाही. उघडलंस की आतलं पोस्टकार्ड पिन करायला, म्हणजे जपून ठेवायला विसरू नको. व्हिव्हिलॉन फुलपाखराचे १८ नमुने आहेत आणि कुठल्या मुलखाची कार्डं पिन केलीस त्यावर सुरवंट मिळतो. पहिल्याला ३ कार्डं, दुसऱ्याला ९, पुढं प्रत्येकाला १५. आपल्या बाजूच्या नमुन्याचं नाव ठाऊक आहे काय? मान्सून! ह्या आठवड्यात तरी एकदम पटणारं नाव. तू पण तिकडनं पाठवत राहा, तुमच्या श्लॉसप्लाट्झ चौकात गिफ्ट देणाऱ्या पोकेस्टॉपांची काय कमी असणार? मला एकाच देवळाचं कार्ड पंधरा वेळा पाठवावं लागतं, ते गोड मानून घे.

काकांचा गुडघा आता बरा आहे, मी गुरुवारी जाऊन आलो. तुझ्या आईनं फराळाचं विचारलंय, चकली की कडबोळी, ते त्यांना आजच कळव, मला मध्ये घालू नको. तिकीट बुक झालं की तारीख टाक. बँकेतल्या काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय की श्टुटगार्टवरनं माणूस मिस्टर माइम घेऊन येणार आहे; त्या बाळू देणार नाहीत म्हणाल्या, बाकी काहीही माग म्हणाल्या.

तुझा,
दिग्या