ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ते चारचौघांत आलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. निवासी डॉक्टरांच्या ड्यूट्या कोण लावतं, हा प्रश्न आम्हाला पडायचा तो ड्यूटी चुकली की. तुमच्या तक्त्यात चूक क्वचितच निघायची, त्यामुळे पुष्कळ जण तीन वर्षं काढून, परीक्षा देऊन निघून गेले आणि तुमच्या खोलीचं दार कुठे आहे हेही त्यांना कळलं नाही. आता आमच्या विभागात नव्या तुकडीची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली आहे. तुम्ही काय काय करत होता, ते आत्ता कुठे उमगायला लागलं आहे.

इंटर्नशिप केली त्या ठिकाणी माझा पहिला आठवडा सह्या आणि शिक्क्यांसाठी रांगेत उभं राहण्यात गेला. लॉगिन आलंच नाही, म्हणून सगळे नवे एकाच सीनियरच्या नावाने रिपोर्ट बघायचे आणि त्याच नावाने औषधंही लिहायचे. उद्या काही बिनसलं तर ते कोणी लिहिलं होतं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. तुम्ही मात्र आम्ही रुजू होण्याआधीच कागदपत्रं मागवून घेतलीत. पहिल्या सकाळी ओळखपत्र, पासवर्ड आणि पहिल्या महिन्याच्या ड्यूट्या असं सगळं एका पाकिटात हातात आलं.

त्या पाकिटात एक फॉर्म होता, त्याला आम्ही हसलो होतो. वॉर्डच्या सिस्टरबरोबर उभं राहून इमर्जन्सी ट्रॉलीचा प्रत्येक कप्पा स्वतःच्या हाताने उघडायचा, डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं यंत्र, चालू करून बघायचा आणि मग दोघींनी सही करायची. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाला जपायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन द्यायचं, हे पुस्तकातून सगळ्यांनाच पाठ असतं. पण ते कोणत्या कपाटात आहे आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

सगळे नवे एकाच दिवशी एकाच वॉर्डात टाकू नका, असा तुमचा हट्ट असायचा. त्यामागे काय आहे, ते मला बऱ्याच वर्षांनी वाचनातून कळलं. इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी रुजू होतात. २००० ते २००८ या काळात तिथे तातडीने दाखल झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या बुधवारी दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूची शक्यता आदल्या बुधवारपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त दिसली. त्याला नवे डॉक्टरच कारणीभूत आहेत, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. तरीही तिथे २०१२ पासून रुजू होण्याआधी काही दिवस जुन्यांच्या मागे राहून काम बघायची सोय झाली, तीही पगारी. तुम्ही हा अभ्यास वाचला होता असं मला वाटत नाही. तुम्हाला बहुधा वर्षानुवर्षं येणाऱ्या तक्रारींचा रंग ओळखू येत असावा. आमच्या पहिल्या काही रात्री तुम्ही आम्हाला मोजणीत धरलंच नाही. वॉर्ड सांभाळायला जेवढे लागतात तेवढे होतेच, आम्ही वरचे.

पण सगळ्यात जास्त आभार त्या फोनजवळ चिकटवलेल्या कागदाचे. सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरतंय, बीपी पडतंय, लघवी कमी झाली, रुग्ण अचानक बरळायला लागला, किंवा नुसतं ‘सिस्टरला रुग्णाचं लक्षण ठीक वाटत नाहीये’, यातलं काहीही असेल तर सीनियरला फोन करायचा. करू की नको, असा विचारच करायचा नाही. शेवटच्या ओळीत विभागप्रमुखांचं वाक्य होतं: ‘फोन केला म्हणून कोणी बोललं तर मला सांगा.’ आणि खाली सही. ती सही मिळवायला तुम्ही त्यांच्या दाराशी किती हेलपाटे घातलेत, ते नंतर शिपाईमामांनी सांगितलं. नव्या डॉक्टरला रात्री भीती रोगाची वाटत नाही, झोपेतून उठवलेल्या सीनियरची वाटते. त्या सहीमुळे फोन करणं माझ्या धिटाईवर अवलंबून राहिलं नाही. एका रात्री लघवी कमी झाली एवढ्याच कारणावरून मी फोन केला. सीनियर कुरकुरत आले, पण आले. तो रुग्ण चालत घरी गेला.

ड्यूटीच्या तासांवरच्या बैठकीचंही सांगायला हवं. ‘आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो, काय बिघडलं?’ असं एका सरांनी विचारलं. तुम्ही वाद घातला नाहीत. फाइलमधून केंद्र सरकारचे १९९२ चे निर्देश काढून पुढे ठेवलेत: सलग १२ तासांहून जास्त नाही, आठवड्याला साधारण ४८ तास. खोलीतल्या निम्म्या लोकांनी ते प्रथमच पाहिले असावेत. ‘काय बिघडलं?’ याचं उत्तर खरं तर तेव्हाही उपलब्ध होतं. अमेरिकेत २००४ साली अतिदक्षता विभागातल्या इंटर्नवर अभ्यास झाला होता. जुन्या पद्धतीच्या लांबलचक पाळ्यांत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या होत्या. तिथे त्याच्या आदल्याच वर्षी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली होती. युरोपची मर्यादा ४८ तासांची आहे.

पाळ्या लहान केल्या की रुग्ण जास्त हातांतून जातो, हे सरांचं म्हणणं मात्र चुकीचं नव्हतं. शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांची तक्रारही खरी होती: केस सुरू असताना घरी जायचं, मग शिकायचं कधी? तुम्ही दोन्ही गोष्टी ऐकल्यात. ड्यूटी आपसात बदलायला परवानगी दिलीत, पण दोन पाळ्यांमधली ११ तासांची विश्रांती मोडता येणार नाही, असं बजावलंत. आणि ‘ओव्हर’, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, द्यायला-घ्यायला अर्धा तास तक्त्यातच धरलात, जाणारा आणि येणारा दोघंही ड्यूटीवर. ओव्हर ठरावीक क्रमाने, लिहून आणि समोरच्याकडून परत वदवून घेतली तर काय होतं, हे २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. उत्तर अमेरिकेतल्या ९ रुग्णालयांत चुका २३ टक्क्यांनी घटल्या होत्या. आमच्याकडे तो अर्धा तास सुरुवातीला चहात जायचा, हे मान्य करते. सिस्टरनी तुमच्याकडे तक्रार केल्यावर तो वॉर्डात आला.

बाकी रजा, युनिटबाहेरच्या व्यक्तीकडे तक्रार करायची सोय, रात्रपाळीनंतर गाडी चालवण्याआधी डुलकी काढायची खोली, हे सगळं आम्ही गृहीतच धरलं. दुसऱ्या रुग्णालयांतल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की हे सगळीकडे नसतं.

आता कामाचं. नव्या तुकडीसाठी मी तक्ता मांडायला घेतला आहे. ट्रॉलीचा फॉर्म तयार आहे, सहीसाठी हेलपाटे सुरू आहेत. पण ओव्हरचा अर्धा तास धरला की आठवड्याचे तास ४८ च्या वर जातात, आणि रविवारी एक माणूस कमी पडतो तो पडतोच. तुम्ही हे कसं बसवत होता? जुन्या तक्त्याचा एखादा कागद जपून ठेवला असेल तर फोटो पाठवा. नाहीतर मी रविवारी फोन करते.

आपली कृतज्ञ,
तुमच्या तक्त्यावरची एक जुनी निवासी डॉक्टर