फिर्यादीत ‘अज्ञात इसम’ का लिहिलं

तासगाव

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास. आई म्हणाली, दोन दिवस जाऊ द्या, पोरगी शांत होईल. मला राहवलं नाही. आधी एकच विचारतो, बाग त्यानेच कापली असं गावच्या ग्रुपवर बाळूकाकाचं नाव घालून लिहिलंयस ते काढलंस का? नसेल तर पुढचं नंतर वाच, ते आधी काढ.

द्राक्षबागेचं सांगतो. पाणंदीकडच्या दोन ओळी गेल्या. मण्यात पाणी उतरायला लागलं होतं. कोयता नाही, करवत चालवलीय. खोडं वीतभर उंचीवर कापली, पण वरचा वेल तारेला बांधलेला, तो तसाच उभा. त्यामुळे पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं लोंबली तेव्हा दादाने वाकून बघितलं, तर बुडाशी पांढरा भुसा. ठिबकच्या नळीला ओरखडासुद्धा नाही. घाव कलमाच्या खाली आहे, म्हणजे आता फुटलं तरी खालचा खुंटच फुटणार, वर बांधलेलं सोनाका द्राक्ष नाही. तुझ्या बारावीच्या साली लावलेली बाग. दादा तिथेच मांडवाखाली बसून राहिला, जेवायलासुद्धा आला नाही.

तू विचारलंस, “आण्णा, आकसाने केलंय हे शेंबडं पोरही सांगेल, मग फिर्यादीत अज्ञात इसम कशाला? घाबरता का त्यांना?” घाबरत नाही गं. बाळूच्या मनात आकस आहे हे मी नाकारत नाही. विहिरीच्या पाळीपासून आहे, वरच्या बांधावरून आहे, आजीच्या पाटल्यांवरून तर आहेच. पण करवत कुणाच्या हातात होती ते मी पाहिलेलं नाही, दादाने नाही आणि तूही नाही.

उभी नोकरी पोलीस ठाण्यात फिर्यादी लिहिण्यात गेली. पोरं खुन्नस म्हणत यायची. ती नजरेत दिसते आणि पुष्कळदा चौकातच मिटते. खोडसाळपणा करणाऱ्याला निदान गंमत तरी हवी असते. डूख धरलेला माणूस संधीची वाट बघत असतो. आकसाचं तसं काही दिसत नाही. राग येतो, हेवा वाटतो, आकस मात्र धरावा लागतो, बाळगावा लागतो. एका पंगतीला बसून, लग्नात अक्षता टाकूनसुद्धा तो बाळगता येतो. आणि हा शब्द माणूस स्वतःसाठी कधी वापरत नाही. ‘मी आकसाने केलं’ म्हणणारा आरोपी मला एकही भेटला नाही. आकस कायम समोरच्याचाच. ‘जुन्या भांडणाचा राग मनात धरून’ हे वाक्य तर लेखणीतून आपोआप उतरायचं. फिर्यादी सांगेल ते लिहायचं, आमचं कामच ते.

एका म्हाताऱ्याची कडब्याची गंजी जळाली होती. सख्ख्या धाकट्या भावाचं नाव घेऊन त्याने सांगितलं, आकसाने पेटवली. पंचनाम्यात गंजीवरून गेलेल्या विजेच्या तारा निघाल्या. वाऱ्यात एकमेकींवर घासून ठिणगी पडलेली. भावाचं नाव कागदावरून निघालं, पण गावाने ते आधीच ऐकलं होतं. दोघं पुन्हा बोलले नाहीत. म्हातारा गेला तेव्हा धाकटा स्मशानाच्या बाहेर उभा होता, आत कुणी बोलावलं नाही. म्हणून विचारतोय, काढलंस का ते?

तू नव्या न्याय संहितेचं ३२४ म्हणालीस आणि मी मनात जुन्या दंड संहितेचं ४२७ शोधत होतो. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले, आगळीक, म्हणजे मालाची नासधूस, तीच. नुकसान लाखाच्या वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे तू धडाधड सांगितलंस. ऐकून ऊर भरून आला. आपल्या घरात कायद्याचं पुस्तक एवढं कुणी वाचलं नव्हतं. पण त्या कलमात आकस मागितलाय का बघ. नुकसान करायचा उद्देश, नाहीतर नुकसान होणार ही जाणीव, एवढ्यावर भागतं. धार्मिक भावना दुखावण्याच्या २९९ ला दुष्ट हेतू लागतो, इथे लागत नाही. आकस पुराव्यात हेतू म्हणून येईल, पण नुसत्या हेतूवर कुणी दोषी ठरत नाही. आणि बदनामीचं ३५६ तुला मी काय सांगू? वकील व्हायचंय तुला. सनद मिळायच्या आधी स्वतःच्याच नावावर तक्रार नको.

पुन्हा ठाण्यात बसल्यासारखा बोलायला लागलो. राग मानू नकोस.

खरं सांगू का, कलमांची मला एवढी काळजी नाही. “मी त्यांना कधीच सोडणार नाही” असं तू म्हणालीस ना, तो आवाज मी घरात आधी ऐकलाय. पाटल्यांच्या वाटणीच्या दिवशी बाळू अगदी असाच बोलला होता. त्या वेळी तोही तुझ्याच वयाचा होता, हुशार होता, आणि त्या दिवशी त्याचं बरोबर होतं. ऋषिपंचमीला रथाच्या दोराला हात लावायचा म्हणून तू रडून गोंधळ घातलास, तेव्हा एवढ्या गर्दीतून तुला खांद्यावर घेऊन पुढे तोच गेला होता. गुलालाने दोघंही ओळखू येत नव्हता. याने त्याची करवत माफ होत नाही, असलीच तर. मला तुझी भीती वाटते, एवढंच.

तलाठी पंचनामा करून गेले. मी पुरवणी जबाब देणार आहे. वाद कुणाशी, कशावरून, सगळं सांगणार, बाळूचं नावही घेणार, पण वाद आहे एवढंच. पाणंदीच्या तोंडाशी डेअरीचा कॅमेरा आहे, त्याचं फुटेज ठाण्याने मागवलंय. त्यात बाळू दिसला तर मी स्वतः जाऊन तसा जबाब देईन, तू सांगायची वाट बघणार नाही. तोवर काकूला फोन करू नकोस, स्वातीलाही नको. तिची हळद तोंडावर आलीय, तिचा यात काय दोष?

आईने मागच्या हंगामातला बेदाणा तुझ्यासाठी डब्यात भरलाय. शनिवारी इकडून कुणी पुण्याला येणारं असेल तर कळव, पाठवून देतो.

तुझे,
आण्णा